जुनी हार्ड डिस्क नव्या डेस्कटॉपला जोडताना

जुन्या संगणकातून काढून ठेवलेली हार्ड डिस्क नव्या डेस्कटॉपला जोडता येते का, असे ओळखीचे लोक मला अधूनमधून विचारतात. बहुतेक वेळा उत्तर ‘येते’ असेच असते. वीस वर्षांपूर्वीची डिस्कसुद्धा, तिची यंत्रणा शाबूत असेल तर, आजच्या संगणकावर वाचता येते. त्यासाठी लागणारी केबल किंवा कन्व्हर्टर आजही मिळतो आणि तो लावायला फार मोठे कौशल्य लागत नाही. तरीही या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटते, कारण माझ्या पाहण्यात अशा डिस्कवरच्या फाइली कपाटात पडून राहिल्यामुळे जेवढ्या गेल्या, त्याहून जास्त डिस्क जोडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत, पडद्यावर आलेल्या एखाद्या प्रश्नाला घाईने होकार दिल्यामुळे गेल्या. जुन्या डिस्ककडे जादा जागा मिळवण्याचे साधन म्हणून पाहू नये. ती एकदा नीट वाचून घ्यावी, तिच्यातले सगळे दुसरीकडे उतरवावे आणि मग तिला कामातून मोकळे करावे, एवढ्याच हेतूने तिला हात लावावा असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे सगळे त्या मताला धरूनच लिहिले आहे.

पहिले काम डिस्कची जात ओळखण्याचे. त्यासाठी तिची जोडणीची कड पाहावी. तिथे पिनांच्या दोन लांब ओळी, एकूण ४० जागांच्या, दिसल्या आणि शेजारी चार जाड पिनांचा पॉवरचा सॉकेट असला, तर ती आयडीई डिस्क. साटा आल्यानंतर तिलाच पाटा असेही म्हणू लागले. पिना अजिबात न दिसता इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचे दोन चपटे कनेक्टर दिसले, एक ७ संपर्कांचा लहान आणि एक १५ संपर्कांचा मोठा, तर ती साटा डिस्क. साटा डिस्क २००३ च्या सुमारास बाजारात आल्या, आणि इंटेलने २००६ साली आपल्या डेस्कटॉप चिपसेटमधून आयडीईची सोय काढून टाकली. मदरबोर्ड, म्हणजे संगणकाची मुख्य सर्किट पाटी, बनवणाऱ्या कंपन्या त्यानंतरही काही वर्षे वेगळी चिप बसवून एखादा आयडीई पोर्ट देत राहिल्या, पण पुढे तोही गेला. त्यामुळे २००३ च्या आधीची डिस्क आयडीई असते, पुष्कळ नंतरची साटा असते, आणि मधल्या काळातल्या डिस्कबद्दल संगणकाच्या वयावरून अंदाज बांधण्यापेक्षा कड पाहणेच बरे. लॅपटॉपमधली जुनी आयडीई डिस्क २.५ इंची असते आणि तिच्या ४४ पिना बऱ्याच बारीक व जवळजवळ असतात, कारण पॉवरही त्यांतूनच जातो. कडेला ५०, ६८ किंवा ८० संपर्क मोजले गेले तर डिस्क स्कझी प्रकारची असण्याचा संभव आहे. अशा डिस्कला वेगळे कंट्रोलर कार्ड लागते आणि बाजारातले नेहमीचे कन्व्हर्टर तिच्यासाठी कामाचे नाहीत.

जात कळली की लगेच जोडणीला न लागता डिस्कच्या लेबलाचा मोबाइलने स्पष्ट फोटो काढून ठेवावा. मॉडेल क्रमांक, क्षमता, निर्मितीची तारीख आणि आयडीई डिस्कच्या बाबतीत जंपरची (पिनांवरच्या छोट्या टोपीची) आकृती, हे सगळे त्यावर असते, आणि डिस्क एकदा कॅबिनेटमध्ये बसली की ते पुन्हा वाचता येत नाही. क्षमतेबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात असलेली बरी. लेबलावर ८० जीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये साधारण ७४.५ जीबीची दिसते. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, एवढाच त्याचा अर्थ. काहीही हरवलेले नसते.

साटा डिस्कचे काम सोपे आहे. साटाच्या तीन पिढ्या झाल्या, प्रतिसेकंद १.५, ३ आणि ६ गिगाबिटच्या, आणि नवा पोर्ट जुन्या डिस्कशी बोलताना आपला वेग आपोआप खाली आणतो. डेटाची केबल मदरबोर्डवरच्या रिकाम्या पोर्टमध्ये आणि पॉवरची केबल एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) डिस्कला, एवढेच करायचे असते. परंतु नव्या मदरबोर्डवर एक अडचण हटकून भेटते. त्यावर एम.२ प्रकारची, म्हणजे थेट मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारी, एसएसडी बसवलेली असते, आणि अनेक मदरबोर्डवर एखादा ठरावीक एम.२ स्लॉट वापरात आला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, कारण दोघांना मिळून मार्ग एकच दिलेला असतो. डिस्क गरगर फिरते आहे, हाताला तिची थरथर जाणवते आहे आणि तरीही बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) तिचे नाव नाही, असे झाले तर डिस्कला दोष देण्याआधी मदरबोर्डची पुस्तिका उघडून कोणता पोर्ट कोणत्या स्लॉटबरोबर वाटून घेतला आहे ते पाहावे, किंवा सरळ दुसरा पोर्ट वापरून बघावा.

पॉवरच्या बाबतीत मात्र मी जरा जास्त काटेकोर आहे. ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या होतात, त्यांच्या डिस्ककडच्या टोकाला ठरलेले मानक आहे, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतेही मानक नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसमध्ये व्यवस्थित बसते आणि तरीही तिच्यात ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट आलेले असू शकतात. अशा एका चुकीने डिस्कचे सर्किट क्षणात जळते. म्हणून केबलींच्या पिशवीत सापडलेली कोणतीही केबल ‘बसते आहे ना’ म्हणून लावू नये. त्या एसएमपीएसबरोबर आलेलीच वापरावी. जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून साटा पॉवर काढून देणारे छोटे अडॅप्टर मिळतात, त्यांतले प्लास्टिक ओतून तारा आत गोठवलेले अडॅप्टर टाळावेत, कारण त्यांच्या आत तारा एकमेकींना चिकटून आग लागल्याचे प्रकार घडलेले आहेत. ज्यांत प्रत्येक तार स्वतंत्रपणे आपल्या पिनला दाबून बसवलेली दिसते तेच घ्यावेत. काही कंपन्यांच्या छोट्या तयार डेस्कटॉपमध्ये जादा पॉवर केबल नसतेच. तिथे बाहेरून यूएसबीने जोडणे हाच सरळ मार्ग. कॅबिनेट उघडण्याआधी संगणक बंद करून पॉवरची वायर भिंतीपासून काढावी, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा आणि डिस्क उचलण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. हे सगळे मिनिटभराचे काम आहे.

आयडीई डिस्कसाठी आजकाल बहुतेक जण यूएसबी कन्व्हर्टर वापरतात आणि मीही तोच सुचवतो. चांगल्या कन्व्हर्टरला तीन बाजू असतात: ४० पिनांची, ४४ पिनांची आणि साटाची, शिवाय त्याच्यासोबत १२ आणि ५ व्होल्ट देणारा वेगळा पॉवर अडॅप्टर असतो. ३.५ इंची डिस्कला हा अडॅप्टर लागतोच, कारण तिची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि यूएसबी पोर्ट फक्त ५ व्होल्ट देतो. लॅपटॉपच्या डिस्कचे ५ व्होल्टवर भागते, पण सुरू होतानाचा तिचा झटका कधीकधी पोर्टच्या ताकदीबाहेरचा असतो: यूएसबी २ चा पोर्ट मानकाप्रमाणे ५०० मिलिअँपियर आणि यूएसबी ३ चा ९०० मिलिअँपियर देतो. डिस्क फिरू पाहते, थांबते, पुन्हा फिरू पाहते असे दिसले तर ती कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून पाहावी, आणि कन्व्हर्टरला जादा पॉवर देण्याची सोय असेल तर ती वापरावी.

माझ्या टेबलावर आत्ता एक ८० जीबीची आयडीई डिस्क आहे, तिच्यावरून पुढचे सांगतो. डेटाच्या ४० पिना आणि पॉवरच्या चार पिना यांच्यामध्ये आणखी एक छोटासा चौकोन आहे. त्यात उभ्या पिनांच्या लहान जोड्या आहेत आणि एका जोडीवर तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी प्लास्टिकची टोपी बसवली आहे. हा जंपर. एकाच आयडीई केबलवर दोन डिस्क लागत असत आणि त्यांतली कोणती मास्टर, कोणती स्लेव्ह हे या टोपीच्या जागेवरून ठरत असे. ही डिस्क जुन्या संगणकात दुसरी म्हणून लावलेली होती, त्यामुळे तिचा जंपर स्लेव्हच्या जागी आहे, आणि अशा अवस्थेत पुष्कळ कन्व्हर्टरांना ती दिसतच नाही. कन्व्हर्टर वापरताना डिस्क मास्टर म्हणून लावायची असते. लेबलावरच्या आकृतीप्रमाणे टोपी बारीक चिमट्याने उचलून योग्य जोडीवर बसवावी. काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये केबलवर ती एकटी असेल तर जंपर पूर्ण काढून टाकायचा असतो, आणि मास्टरची जागा फक्त सोबत स्लेव्ह असेल तेव्हाची असते, म्हणून आकृती वाचण्याला पर्याय नाही. आणखी एक जंपर लोकांना चकवतो. फार जुन्या बायोसला मोठ्या डिस्क पेलत नसत, तेव्हा डिस्कची क्षमता मुद्दाम ३२ जीबीच्या आसपास दाखवणारी जागा काही मॉडेलांवर दिलेली होती. तो जंपर तसाच राहिला असेल तर नव्या संगणकावरही डिस्क ३२ जीबीचीच दिसते आणि पुढची पार्टिशने, म्हणजे डिस्कचे वेगळे केलेले भाग, नाहीशी झाल्यासारखी वाटतात.

४० पिनांच्या ओळीत मधली एक पिन नसते, आणि केबलच्या कनेक्टरमध्येही त्याच जागेचे भोक बुजवलेले असते, त्यामुळे केबल उलटी बसत नाही. सपाट पट्टीच्या केबलला एका कडेला रंगीत रेघ असते. ती पिन क्रमांक १ ची बाजू, आणि ३.५ इंची डिस्कवर ती बहुधा पॉवरच्या सॉकेटकडे येते. लॅपटॉपच्या डिस्कवर जास्त जपावे. तिथे ४४ पिनांनंतर एका जोडीची जागा मोकळी सोडून जंपरच्या चार पिना असतात, आणि घाईत कनेक्टर त्यांच्यासकट एका जागेने सरकून बसू शकतो. त्याच पिनांतून पॉवर जात असल्याने ही चूक महाग पडते. कनेक्टर हलक्या हाताने टेकवून दोन्ही टोके डोळ्यांसमोर धरून पाहावीत, मगच दाबावा. मोलेक्सच्या प्लगचे दोन कोपरे तासलेले असतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसायला हवा. तरीही सैल झालेल्या सॉकेटमध्ये तो जोर लावून उलटा बसवता येतो. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या. तो बसायला जोर लागतो आहे असे वाटले की थांबून पुन्हा पाहावे.

डिस्क थंड किंवा दमट जागेतून काढली असेल तर ती काही तास खोलीच्या हवेत राहू द्यावी, म्हणजे आतबाहेर ओल धरलेली असल्यास ती सुकेल. मग तिला टेबलावर आडवी, सपाट, खाली कागद किंवा पुठ्ठा घालून ठेवावी. खालच्या बाजूचे उघडे सर्किट धातूला टेकू देऊ नये आणि डिस्क फिरत असताना तिला उचलू नये. पॉवर देताना कान तिच्याकडे असावेत. निरोगी डिस्कचा आवाज मी पुष्कळदा ऐकला आहे: आधी खालच्या सुरातून वर चढत जाणारी घरघर, काही सेकंदांत ती एका सुरावर स्थिर होते, मग हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारे टोक) जागेवरून सुटल्याचा एक टक् असा आवाज, आणि त्यानंतर थोडीशी खुडबुड करून शांतता. जुन्या बॉल बेअरिंगच्या डिस्क नव्यांपेक्षा मोठ्याने गातात, त्याने घाबरून जाऊ नये. पण एका लयीत पुन्हा पुन्हा टक्, टक् होत राहिले, किंवा डिस्क न फिरता बारीक गुणगुण करत बसली, तर पॉवर तत्काळ काढावा. पहिल्या आवाजाचा अर्थ हेडला आपली जागा सापडत नाही असा असतो. दुसऱ्याचा अर्थ बहुधा हेड तबकडीला चिकटले आहे किंवा मोटर अडकली आहे असा. हेड तबकडीपासून नॅनोमीटरमध्ये मोजावे इतक्या अंतरावर तरंगत असते, आणि बिघडलेल्या हेडने फिरत राहणारी प्रत्येक फेरी तबकडीवरचा लेप खरवडू शकते. फ्रीझरमध्ये ठेवणे, टेबलावर आपटणे, झाकण उघडून बोटाने हेड सरकवणे असे उपाय कोणी सांगितले तरी करू नयेत. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून लावणेही बहुतेक वेळा निष्फळ ठरते, कारण प्रत्येक डिस्कच्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कसाठी मोजून ठरवलेल्या नोंदी असतात. फाइली मोलाच्या असतील तर अशा डिस्कचा पुढचा प्रवास डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच व्हावा, आणि तोवर तिला पुन्हा पॉवर देऊ नये.

डिस्क कॅबिनेटच्या आत साटा पोर्टला लावली असेल तर पहिल्यांदा संगणक सुरू करताना थेट बायोसमध्ये जावे आणि बूटच्या क्रमात आपली नेहमीची डिस्कच पहिली आहे याची खात्री करावी. जुन्या डिस्कवर जुने विंडोज असते. नव्या संगणकाने चुकून त्यावरून सुरू होण्याचा प्रयत्न केला तर विंडोज एक्सपीच्या बाबतीत ०x००००००७बी या क्रमांकाचा निळा पडदा येणे अगदी अपेक्षित आहे, कारण त्या विंडोजकडे नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो. त्याने डिस्क बिघडत नाही, पण जुने विंडोज अर्धवट सुरू होऊन डिस्कवर काहीबाही लिहीत राहावे हेही नको. याहून मोठा धोका दुसरा आहे. जुना संगणक नीट बंद न होता गेला असेल तर डिस्कवर तशी खूण राहिलेली असते, आणि ती पाहून नवे विंडोज सुरू होतानाच तपासणी व दुरुस्ती करायला बसते. कमकुवत डिस्कवर ही दुरुस्ती तासन्‌तास चालते आणि फाइलींचे तुकडे इकडून तिकडे करून टाकते. त्या वेळी पडद्यावर काही सेकंद ‘कोणतीही की दाबून तपासणी टाळा’ अशा अर्थाची सूचना येते. तेव्हा की दाबावी.

या कारणासाठी, डिस्क निरोगी वाटत असेल तर साटा असली तरी ती यूएसबीने, विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर जोडणे मला जास्त पसंत आहे. डिस्क अडखळत असेल तेव्हा मात्र माझे मत बदलते. अनेक कन्व्हर्टरांची चिप वाचता न येणारा सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा सर्वांत लहान कप्पा) आला की गोठून जाते आणि संपूर्ण डिस्कच दिसेनाशी होते, तर मदरबोर्डचा साटा पोर्ट त्याच प्रसंगी जास्त समजूतदारपणे वागतो.

आता पडद्याकडे. डिस्क जोडली की विंडोज तिच्यावरच्या प्रत्येक पार्टिशनला अक्षर देते, आणि एखादे पार्टिशन त्याला ओळखता आले नाही की ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येतो. त्यावर ‘कॅन्सल’ म्हणावे. ते पार्टिशन लिनक्सचे किंवा मॅकचे असू शकते, आणि विंडोजला ती भाषा येत नाही एवढ्यावरून ते रिकामे ठरत नाही. विंडोजमधले डिस्क आणि पार्टिशने दाखवणारे डिस्क मॅनेजमेंट उघडले की कधीकधी ‘डिस्क इनिशिअलाइज करा’ अशी खिडकी येते. तीही रद्द करावी, कारण होकार दिला तर डिस्कच्या सुरुवातीला नवा पार्टिशन तक्ता लिहिला जातो. ‘स्कॅन अँड फिक्स’ हा तिसरा मोहक प्रश्न, त्यालाही नकार. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नुसते पाहून पुष्कळ कळते. पार्टिशन दिसते पण त्याला अक्षर नाही, तर फक्त अक्षर द्यायचे असते. ‘रॉ’ लिहिलेले असेल तर फाइल सिस्टिमची सुरुवातीची नोंद बिघडलेली असू शकते. संपूर्ण डिस्क ‘अनअलोकेटेड’ दिसली तर पार्टिशन तक्ता गेलेला असण्याचा संभव आहे, पण त्यामागच्या फाइली बहुधा जागच्या जागी असतात. ‘फॉरेन’ असे लिहिलेले असेल तर ती जुन्या विंडोजवर डायनॅमिक केलेली डिस्क आहे आणि तिला आयात करावे लागते. तो पर्याय डिस्कवर लिहितो, म्हणून आधी प्रतिमा घ्यावी, मगच तो वापरावा.

प्रतिमा म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत जसेच्या तसे उतरवलेले एक मोठे फाइलरूप. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल यांसारख्या साधनाने डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवलेले आकडे, पाहाव्यात. क्रमांक ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. या तिघांच्या मूळ आकड्यात शून्य असेल तर निश्चिंतपणे पुढे जावे. १९९ वाढलेला दिसला तर संशय डिस्कवर न घेता केबलवर घ्यावा, कारण ती नोंद केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाची असते. काही यूएसबी कन्व्हर्टर या नोंदी पलीकडे पोचूच देत नाहीत, त्यामुळे त्या दिसल्या नाहीत म्हणून डिस्कबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये.

प्रतिमा घेण्यासाठी माझा भरवसा ग्नू डीडीरेस्क्यू या प्रोग्रामवर आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे, जुने पार्टिशन माउंट न करता (म्हणजे फाइली पाहण्यासाठी न उघडता) डीडीरेस्क्यूला मूळ डिस्क, प्रतिमेच्या फाइलचे नाव आणि नोंदवहीच्या फाइलचे नाव द्यावे. तो आधी सहज वाचता येणारे सगळे भाग उचलतो, अडचणीच्या जागा ओलांडून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे परततो. कमकुवत डिस्क मध्येच दम सोडेल अशी भीती असताना हा क्रम फार मोलाचा आहे, कारण सोपे ते आधी हाती लागते. नोंदवहीमुळे काम मध्ये थांबवून, डिस्क थंड होऊ देऊन, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे नेता येते. ही आज्ञा देताना मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली तर नव्या डिस्कवरचे सगळे पुसले जाईल, म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्ही नावे डिस्कच्या क्षमतेशी आणि मॉडेलशी ताडून पाहावीत. प्रतिसेकंद ३० मेगाबाइटच्या वेगाने ८० जीबीची डिस्क उतरायला पाऊण तास लागतो, आणि मूळ डिस्क एवढा वेळ फिरली की तिचे काम संपले. नंतरचा सगळा शोध, दुरुस्तीचे सगळे प्रयोग प्रतिमेच्या नकलेवर करावेत. प्रतिमा फाइलीत न ठेवता सरळ दुसऱ्या डिस्कवर उतरवली असेल तर मूळ आणि नक्कल विंडोजला एकाच वेळी जोडू नयेत. दोघींची सही, म्हणजे डिस्कवर लिहिलेला तिचा ओळख क्रमांक, एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन ठेवते, आणि तिला ऑनलाइन करताना तिची सही बदलली जाते. ज्यांना हा सगळा खटाटोप नको असेल त्यांनी निदान डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचण्यासाठी माउंट करून फाइली उतरवून घ्याव्यात. विंडोज डिस्क नुसती जोडल्यावरही तिच्यावर आपली छुपी फोल्डरे लिहून ठेवते.

फाइली दिसू लागल्या तरी काही फोल्डर उघडताना परवानगी नाकारली जाते. जुन्या विंडोजमधला वापरकर्ता आणि नव्या विंडोजमधला वापरकर्ता, नाव एकच असले तरी, एनटीएफएसच्या (विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या) लेखी दोन वेगळ्या व्यक्ती असतात. ‘कंटिन्यू’ म्हटले की नवा वापरकर्ता त्या फोल्डरवर हक्क सांगतो आणि फाइली उघडतात. तो हक्क डिस्कवर लिहिला जातो, म्हणून हेही नकलेवर केलेले बरे. परवानगी आणि कुलूप या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. विंडोज एक्सपीमध्ये ज्या फाइलींची नावे हिरवी दिसत असत त्या विंडोजच्या ईएफएस या सोयीने कुलूपबंद केलेल्या असत, आणि जुन्या वापरकर्त्याचे प्रमाणपत्र किंवा त्याचा पासवर्ड हाती असल्याशिवाय कोणताही हक्क त्या उघडू शकत नाही. विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने पूर्ण कुलूपबंद केलेल्या डिस्कला पासवर्ड नाहीतर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. बाहेरच्या यूएसबी डिस्कचे खोके मोडले म्हणून आतली डिस्क काढून थेट साटाला लावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की काही खोक्यांतली चिपच सगळा डेटा कुलूपबंद करून लिहिते. ती चिप बाजूला झाली की निरोगी डिस्कसुद्धा निव्वळ अनाकलनीय आकड्यांनी भरलेली दिसते, म्हणून मूळ खोके फेकू नये.

काय उतरवायचे, या प्रश्नावर लोक ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि फोटो एवढेच सांगतात. एक्सपीच्या डिस्कवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हे संपूर्ण फोल्डर घ्यावे, कारण आउटलुकची टपाल, ब्राउझरच्या खुणा आणि डेस्कटॉपवर विखुरलेल्या फाइली सगळ्या त्याच्या पोटात, काही तर छुप्या फोल्डरांत असतात. ‘विंडोज’च्या आतले ‘फॉन्ट्स’ फोल्डर मी आवर्जून उतरवतो. युनिकोडच्या आधी देवनागरी मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप केला जात असे, तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर ती पत्रे, त्या कविता, ते हिशेब रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन बसतात. फॉन्ट सोबत असला की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो आणि मग तो युनिकोडमध्ये बदलून घेता येतो. जुन्या डिस्कवरचे प्रोग्राम मात्र चालवू नयेत आणि उतरवलेल्या फाइली अँटिव्हायरसने तपासूनच उघडाव्यात; त्या काळातले पेनड्राइव्हवरून पसरणारे व्हायरस अजून त्याच फोल्डरांत बसलेले सापडतात.

उतरवलेल्या फाइली एकाच ठिकाणी ठेवू नयेत. मूळ डिस्क पुसण्यापूर्वी दोन वेगळ्या साधनांवर दोन प्रती असाव्यात, आणि वेगवेगळ्या फोल्डरांतले काही फोटो, काही पत्रे प्रत्यक्ष उघडून पाहिलेली असावीत, कारण फाइलचे नाव आणि आकार बरोबर असूनही आतला भाग वाचता आलेला नसू शकतो. त्यानंतर डिस्क कोणाला द्यायची किंवा भंगारात काढायची असेल तर ती एकदा पूर्ण पुसावी. चुंबकीय डिस्कसाठी सगळे सेक्टर एकदा शून्यांनी भरणे घरगुती गरजेला पुरेसे आहे. अनेक फेऱ्यांची आवश्यकता नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट त्या पार्टिशनवर शून्ये लिहितो, एक्सपीचा पूर्ण फॉरमॅट तसे करत नाही. जी डिस्क चालतच नाही तिच्या तबकड्या मोडाव्या लागतात, ३.५ इंची डिस्कमध्ये त्या बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात आणि वाकतात, पण लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि ड्रिल लावताच त्यांचे बारीक तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि डिस्कभोवती जाड कापड असल्याशिवाय ते काम करू नये.